बिनतिकिटाचा सोहळा

"अकरा वर्षं पार्कच्या कुंपणाला खेटून राहिलो, पण एकदाही तिकीट काढलं नाही," हे वाक्य डेल्बर्ट क्राउझ आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसात इतक्यांदा बोलला होता की त्याने नुसता घसा खाकरला तरी लोक पत्ते पिसायला घ्यायचे. वाक्य खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. ओहायोतलं टाइल्सचं दुकान बंद करून तो आणि त्याची बायको नदीन फ्लोरिडात आले, ते थंडीला कंटाळून. शेजारी एवढं मोठं करमणुकीचं पार्क आहे हे म्हणे त्यांना घर घेतल्यावर कळलं, पहिल्याच रात्री आतषबाजीने खिडक्या थरथरल्या तेव्हा. म्हणजे डेल्बर्टला तेव्हा कळलं. नदीनला आधीपासून माहीत होतं. घर तिनेच पसंत केलं होतं.

आता पार्कला तिकीट लागतं, पण पार्कच्या दारातच तळ्याकाठी दुकानांचा आणि खाण्यापिण्याचा जो बाजार वसवलाय, त्या लगून लँडिंगला लागत नाही. सहा मजली पार्किंग फुकट. बाकडी फुकट. झुडपांच्या बुडातून दिवसभर गाणी वाजतात, तीही फुकट. चॉकलेटच्या दुकानात शिरताना एक मुलगी हसून हातावर एक चौकोनी वडी ठेवते. त्या दुकानाला दोन दारं आहेत हा शोध डेल्बर्टने लावला. एका दाराने टोपी घालून जायचं, दुसऱ्या दाराने टोपी काढून. मुलगी दोन्ही वेळेला तेवढीच हसायची, तिला पगारच त्याचा होता.

हसायला सोपं आहे, पण या माणसांची गंमत समजून घ्या. त्यांच्या गावच्या मेन स्ट्रीटवर डेल्बर्टचं दुकान होतं, समोर न्हावी, कोपऱ्यावर बेकरी. एकेक करत सगळ्यांच्या काचांवर 'भाड्याने देणे'च्या पाट्या लागल्या. आणि इथे कोणीतरी नव्या विटांना जुनाट रंग फासून अगदी तसाच रस्ता उभा केला होता, कोपऱ्यावरच्या बेकरीसकट. कोणी आजारी नाही, कोणी भांडत नाही, संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक माणूस सुट्टीवर असल्यासारखा दिसतो. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. मग रस्त्यावर उन्हात कशाला चालायचं? रोज दुपारी क्राउझ मंडळी लँडिंगला चालायला जायची. डेल्बर्ट दोन पावलं पुढे, नदीन मागे, जशी ती गेली अनेक वर्षं चालत आली होती.

आणि मग तो बिल्ला आला.

झालं असं, की एकदा फेब्रुवारीत नेहमीचा संडास बंद होता म्हणून डेल्बर्ट चौकशीच्या खिडकीवर दुसरा कुठे आहे ते विचारायला गेला. आतल्या पोरीने तोंडभर हसून विचारलं, आज काही साजरं करताय का? संडासाला आलोय असं कसं सांगणार? तोंडाला येईल ते तो बोलून गेला: "लग्नाचा वाढदिवस." लग्न झालं होतं नोव्हेंबरात. पोरीने टाळ्या वाजवल्या, नाव विचारून टाइप केलं आणि दोन गोल बिल्ले काढून दिले, वर सोनेरी अक्षरांत 'शुभ विवाहदिन'. ते छातीला लावल्याबरोबर जग बदललं. झाडूवाला अभिनंदन म्हणाला. आइस्क्रीमवाल्याने एक गोळा वाढवून दिला. कॅफेत बसले तर मेणबत्ती लावलेला छोटा केक आला, आणि सहा वेटरांनी भोवती उभं राहून गाणं म्हटलं.

"अरे, कोणी ओळखलं तर?" नदीन पुटपुटली.

"इथे कोण आपल्या गावचं आहे?" डेल्बर्ट म्हणाला. "हात दे इकडे. लोकांना खरं वाटायला हवं."

त्या दिवशी त्याने तिचा हात धरला तो थेट गाडीपर्यंत. नदीन गाडीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. फुकट ते पौष्टिक, असं डेल्बर्टने मनात धरलं आणि मग दर महिना-दीड महिन्याने त्यांचं लग्न व्हायला लागलं. नदीन हळूहळू हसायची थांबली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. हात मात्र ती द्यायची.

कॉलनीत याचा बभ्रा व्हायचा तो झालाच. आमच्या समितीचा अध्यक्ष फेरिस लिंडक्विस्ट हा विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. खोटे दावे पकडण्यात हयात गेलेली. त्याने क्लबहाउसात सगळ्यांसमोर डेल्बर्टला सुनावलं, की याला साध्या भाषेत फसवणूक म्हणतात. शेजारी समितीची खजिनदार मार्लिस ओडम बसली होती. फेरिसच्या दोन बायका आणि मार्लिसचा एक नवरा, तिघेही आपापल्या कारणांनी केव्हाच कॉलनी सोडून गेलेले. मार्लिसने फक्त एवढंच विचारलं, की ही चौकशीची खिडकी नेमकी कुठल्या बाजूला आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या लग्नाला खरोखरची पन्नास वर्षं होणार होती. नदीनने आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. निदान डेल्बर्टला आठवत नव्हतं. यावेळी तिने भांडी पुसता पुसता सांगून टाकलं.

"मला पॅडलव्हीलमध्ये जेवायचंय. आपण सगळ्यांनी. केंड्रा, जावई, पोरं, ब्रेट. खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर. आणि डेल्बर्ट, बिल्ला नको."

"बिल्ला नको? अगं, यावेळी तर तो खरा आहे."

"म्हणूनच नको."

पॅडलव्हील म्हणजे लँडिंगच्या टोकाला नांगरलेली मोठी पांढरी आगबोट. नांगरलेली म्हणायचं आपलं. तिच्या बुडाखाली काँक्रीट आहे आणि ती जन्मात हललेली नाही. आत पांढरे टेबलक्लॉथ, पितळी दिवे. क्राउझ दांपत्याने तिचं मेनूकार्ड बाहेरच्या खांबावर इतक्या वेळा वाचलं होतं की त्यातली शुद्धलेखनाची चूक डेल्बर्टला पाठ होती.

टेबल मिळवणं म्हणजे काही खाऊ नाही. दोन महिने आधी पहाटे बुकिंग उघडतं आणि न्याहारीच्या आत संपतं. सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं फोनवरून कर, कोणी म्हणालं कॉम्प्युटरवरून, कोणी म्हणालं सातऐवजी आठ जण सांग म्हणजे मोठं टेबल देतात, तर कोणी म्हणालं सहा सांग आणि एकाला मांडीवर घे. मार्लिसने स्वतःहून येऊन दोन्ही एकदम करायला शिकवलं, आणि खिडकीजवळची टेबलं कुठल्या वेळेला मिळतात ते कागदावर लिहून घेतलं. स्वतःच्या कागदावर. डेल्बर्ट पहाटे एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताखाली कीबोर्ड घेऊन बसला, आणि शुक्रवारी संध्याकाळी सातचं, सात जणांचं, खिडकीजवळचं टेबल मिळालं. लढाई जिंकल्यासारखा तो उठला. नदीनने त्या दिवशी नाश्त्याला अंड्याबरोबर बेकनही केलं.

पण देव देतो आणि समिती नेते. मुलगी केंड्रा नवरा-पोरांसह बुधवारी येऊन घरीच उतरणार होती. आमची कॉलनी पंचावन्नच्या वरच्यांची. मुक्कामाच्या पाहुण्याच्या गाडीला परवाना लागतो, परवान्याला अर्ज लागतो, आणि अर्जावर विचार करायला समिती महिन्यातून एकदा बसते. डेल्बर्टचा अर्ज एकदा गाडीचा रंग लिहिला नाही म्हणून परत आला. दुसऱ्यांदा भाड्याच्या गाडीचा रंग आधी कसा कळेल म्हणून डेल्बर्टने टोमणा लिहिला, तो समितीला उद्धट वाटला म्हणून परत आला. शेवटी बुधवारी पोरं आली, गाडी रस्त्यावर राहिली, आणि नातवंडं दुपारच्या वेळी पोहायच्या तलावात उतरली. अठराच्या खालच्यांची वेळ सकाळी दहा ते बारा. फेरिस गळ्यात शिट्टी अडकवून आला आणि त्याने ती वाजवली. तलावातल्या दोन्ही पोरांना बाहेर काढून त्याने त्यांच्या ओल्या हातात नियमांची छापील प्रत दिली. जावई सभ्य माणूस, त्याने पोरांना टॉवेल गुंडाळले. संध्याकाळपर्यंत त्याने पार्कच्या हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या.

तिथे उतरल्यावर पार्कची तिकिटं ओघाने आलीच. मुलगा ब्रेट गुरुवारी डेनव्हरहून आला, तोही थेट तिथेच. आईबापांना भेटायला घरी आला तेव्हा चांगल्या मनाने म्हणाला, "डॅड, तुमची दोघांची तिकिटं मी काढतो. पन्नासाव्याची भेट समजा. उद्या सगळे मिळून दिवसभर आत फिरू आणि तसेच एकत्र जेवायला जाऊ."

नदीनचा ताटल्यांवरून फिरणारा हात थांबला.

"अकरा वर्षं नाही काढलं, आता कशाला काढतोस?" डेल्बर्ट म्हणाला. "आत आहे काय? जे आहे ते बाहेरून ऐकू येतं आपल्याला."

ब्रेटने आईकडे पाहिलं. ती कोरडी झालेली ताटली पुन्हा पुसत होती. ती काही बोलली नाही, आणि बोलली नाही याचा अर्थ तिला चालतंय, असा डेल्बर्टचा पन्नास वर्षांचा हिशोब होता.

शुक्रवारी नदीनने निळा ड्रेस घातला, केंड्राने पाठवलेली कानातली घातली आणि चालायचे बूट न घालता टाचांचे घातले. डेल्बर्टने कोट चढवला. पार्किंगमध्ये नेहमीचा दुसरा मजला भरलेला, म्हणून थेट सहाव्यावर जावं लागलं. खाली आले तर दाराशी बॅगा तपासायची रांग. आणि तिथे नदीनच्या पर्समधून पहारेकऱ्याने हातभर लांब सुरी बाहेर काढली.

ती त्यांच्या लग्नातली केक कापायची सुरी होती. चांदीची मूठ, पात्यावर दोघांची आद्याक्षरं आणि लग्नाची तारीख कोरलेली. डेल्बर्टला ती बरोबर आणल्याचा पत्ताच नव्हता. नदीन म्हणाली, ती माझ्या लग्नाची आहे. पहारेकरी म्हणाला, मॅम, सुंदर आहे, पण सुरी ती सुरीच. एक तर इथे टाकून द्या, नाही तर गाडीत ठेवून या. मग सुरी घेऊन दोघं परत पार्किंगकडे. गाडी सापडेना, कारण डेल्बर्टचे पाय सवयीने दुसऱ्या मजल्यावर गेले होते आणि तिथे तो दहा मिनिटं कोणाच्या तरी गाडीला किल्ली लावत होता. अखेर सुरी गाडीत गेली. नदीनने ती सीटवर रुमालात गुंडाळून ठेवली. परतताना टाचेचे बूट तिला चावायला लागले होते, पण ती तसं म्हणाली नाही.

पॅडलव्हीलच्या दाराशी ब्रिएल नावाची पोरगी उभी होती. यादीत नाव होतं, टेबल तयार होतं. पण सातही माणसं आल्याशिवाय बसवता येत नाही, असा बोटीचा नियम. डेल्बर्टने केंड्राला फोन लावला. मागे किंकाळ्या आणि बँड.

"डॅड, आमचा नंबर आत्ता लागलाय हो. पोरं सकाळपासून वाट बघतायत त्या राइडची. ब्रेटही इथेच आहे. तुम्ही सुरू करा ना, आम्ही गोडाच्या वेळेपर्यंत पोचतोच."

नदीनने त्याच्या हातून फोन घेतला, मजा करा गं, असं म्हणाली आणि बंद केला.

वेळ भरली, टेबल गेलं. ब्रिएलने ते दुसऱ्या कोणाला दिलं. आता शांतपणे दोघांचं टेबल मागितलं असतं तर प्रकरण मिटतं. पण डेल्बर्टचा कोट, ती पहाट, समितीचे दोन परत आलेले अर्ज, सगळं एकदम त्याच्या डोक्यात गेलं. तो म्हणाला, आज आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. ब्रिएलची नजर आपसूक त्याच्या छातीकडे गेली. छाती रिकामी होती. डेल्बर्ट म्हणाला, एक मिनिट. नदीन मागून म्हणत होती, डेल्बर्ट, नको. तो चौकशीच्या खिडकीकडे निघाला, निघाला म्हणजे चक्क धावला, आणि धापा टाकत दोन बिल्ले घेऊन परत आला.

ब्रिएलने नाव पुन्हा टाइप केलं. लँडिंगवरची सगळी दुकानं एकाच यंत्राला जोडलेली आहेत, आणि कोणी काय साजरं केलं ते त्यात राहतं, ही गोष्ट अकरा वर्षांत डेल्बर्टला कोणी सांगितली नव्हती. ब्रिएल पडद्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा फार गोड झाला.

"मिस्टर क्राउझ, पुन्हा एकदा अभिनंदन. आत्ता सप्टेंबरातच झाली ना तुमची पन्नास वर्षं? जूनमध्येही झालेली दिसतायत."

मॅनेजर आला. वयाने ब्रेटपेक्षाही लहान. म्हणाला, सर, आम्ही आमच्या प्रत्येक पाहुण्यावर विश्वास ठेवतो. तो ज्या आवाजात हे म्हणाला त्या आवाजात फेरिस विम्याचे दावे नाकारत असणार. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट ओहायोच्या शाळेतही शिकवतात, पण त्या गोष्टीत पोराला बायको नव्हती. डेल्बर्टने लायसन्स काढलं, त्यावर लग्नाची तारीख नसते. आणि मग त्याला आठवलं की तारीख आहे, चांदीत कोरलेली आहे, फक्त सहाव्या मजल्यावर आहे.

"माझ्याकडे सुरी आहे!" तो ओरडला.

रांग मागे सरकली. एका बाईने मुलाला पोटाशी धरलं. कोपऱ्यातला पहारेकरी, मघाशी बॅगा तपासणारा तोच, आता इथे पाळीवर, दोन पावलं पुढे आला. डेल्बर्ट सांगत होता, म्हणजे गाडीत आहे, केकची आहे, पण सुरीचं स्पष्टीकरण जितकं द्यावं तितकी ती लांब होत जाते. शेवटी पहारेकऱ्यानेच मॅनेजरच्या कानात सांगितलं, की मी पाहिली आहे, म्हातारा निरुपद्रवी आहे. त्या एका शिफारशीवर पन्नास वर्षांच्या संसाराला दोघांचं टेबल मिळालं, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून.

डेल्बर्टने स्वतःचा बिल्ला लावलेलाच होता. नदीनचा तिच्या मुठीत होता. वेट्रेस आली, शॉनेट, खेळकर बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोला मंडळी, आज काय साजरं करतोय आपण?"

डेल्बर्टने तोंड उघडलं. नदीनने मूठ उघडून बिल्ला पालथा घालून टेबलावर ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली. "शुक्रवार आहे आज."

शॉनेटने डेल्बर्टच्या छातीकडे पाहिलं, मग नदीनकडे, आणि शहाणी बाई होती, पाणी आणायला गेली. डेल्बर्टने खाली मान घालून आपला बिल्ला काढला. काढताना कोटाला भोक पडलं.

मासा चांगला होता म्हणतात. तो संपत आला तेव्हा बोटीवरचे दिवे मंद झाले आणि स्वयंपाकघराचं दार डेल्बर्टच्या खांद्याला धडकून उघडलं. सहा वेटर, पुढे मेणबत्ती लावलेला केक. डेल्बर्टला वाटलं, नाही म्हटलं तरी आणलाच. वरात त्याच्या टेबलावरून पुढे गेली, थेट खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाकडे, सात जणांच्या. तिथे फेरिस लिंडक्विस्ट आणि मार्लिस ओडम शेजारी शेजारी बसले होते, छातीवर सोनेरी अक्षरं, हातात हात. समितीने आपल्यापुरता ठराव संमत केला होता.

गाणं सुरू झालं. पॅडलव्हीलचा रिवाज असा की सगळ्या बोटीने टाळ्यांचा ठेका धरायचा. नदीनने धरला. ठेका न चुकता, चेहऱ्यावर काही न आणता, ती टाळ्या वाजवत राहिली. मग डेल्बर्टलाही वाजवाव्या लागल्या. फेरिसची नजर त्याच्यावर पडली. क्षणभर तो गडबडला, पण अध्यक्ष माणूस, लगेच ग्लास उंचावून त्याने दोघांना अभिवादन केलं.

नदीनने शॉनेटला बोलावून केकचा एक तुकडा मागवला, पैसे देऊन. हा फुकट मिळाला असता, हे वाक्य डेल्बर्टच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते गिळलं. गोडाची वेळ झाली तरी पोरं आली नाहीत, फोटो आला. सगळे भिजलेले, तोंडं उघडी, हसतायत. ब्रेटने धाकट्याला खांद्यावर घेतलेलं. नदीनने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. माणसांकडे नाही, त्यांच्या मागे काय काय दिसतंय ते बघत होती.

"छान आहे आत," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी जाऊ," डेल्बर्ट म्हणाला. "तिकीट काढून. शप्पथ."

तिने फोन पर्समध्ये टाकला.

बाहेर पडले तेव्हा आतषबाजी सुरू झाली होती. लोक तळ्याकाठी थांबून वर बघत होते. झुडपांतून गाणी चालू होती. नदीन बूट हातात घेऊन अनवाणी चालत होती, आणि या खेपेला डेल्बर्ट पुढे गेला नाही. तिच्या बरोबरीने चालला. चॉकलेटच्या दुकानापाशी त्याने चाचपडत तिचा हात धरला.

"बिल्ला नाहीये आज," नदीन म्हणाली. "सोड."

त्याने सोडला. गाडी यावेळी लगेच सापडली. सीटवर रुमालात सुरी होती, ती उचलून मांडीवर घेऊन नदीन बसली. पार्किंग अर्थातच फुकट होतं.